‘द प्रिझनर ऑफ बेंडा’वरून एवढी भांडणं का होतात, आणि त्यातलं गणित खरं आहे का?

अमळनेरच्या एका सरांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात सांगतो. त्यांनी ‘फ्युचरामा’ या कार्टून सिरीजचा ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ हा, सगळ्यांची मनं एकमेकांच्या शरीरात जातात तो, एपिसोड मित्रमंडळींना दाखवला, तर बघून झाल्यावर निम्मे म्हणाले एक नंबर, निम्मे म्हणाले डोक्याचा भुगा झाला, आणि एकाने तर सरळ अहिराणीत सुनावलं, "कोन कोना आंगमा शे तेच समजी नही ऱ्हायनं भो!" कुणाला शेवटचं गणित जबरदस्तीने घुसडलेलं वाटलं, कुणाला शेवट घाईत गुंडाळलेला, कुणाला मधला जेवणाचा सीन किळसवाणा. सरांना हाच एपिसोड शाळेच्या सायन्स क्लबात दाखवायचाय, म्हणून ते विचारताहेत की कुणाचं मत धरायचं आणि सगळ्यांना परत जागेवर आणणारं शेवटचं ते प्रमेय खरंच आहे की टीव्हीवाल्यांची फेकाफेकी.

सर, मी जळगावला अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका बसवतो, म्हणजे हा एपिसोड माझ्या दोन्ही उद्योगांत बरोबर बसतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आधी मोकळं सांगून टाकतो, प्रमेय शंभर टक्के खरं आहे. गणित घुसडलं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, शेवट घाईत म्हणणाऱ्यांचं पटतं, आणि "कोण कुणात ते कळत नाही" म्हणणाऱ्या भाऊंना पुढच्या वेळी हेडफोन लावून बसवा, का ते खाली येतंच.

ज्यांनी सिरीज बघितलीच नाही त्यांच्यासाठी पटकन. १९९९ साली फॉक्स चॅनलवर सुरू झाली, मॅट ग्रेनिंगची. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री पिझ्झा पोचवायला गेलेला फ्राय नावाचा पोरगा गोठवून ठेवायच्या यंत्रात पडतो आणि हजार वर्षांनी जागा होतो, मग एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या कुरिअर कंपनीत कामाला लागतो. तिथे एका डोळ्याची कॅप्टन लीला, चोरटा रोबो बेंडर, खेकड्यासारखा दिसणारा डॉक्टर झॉयडबर्ग, हिशेब ठेवणारा हर्मीस, शिकाऊ एमी अशी सगळी वरात. मध्ये चॅनलने बंद केली, २०१० मध्ये कॉमेडी सेंट्रलने परत आणली, आणि हा एपिसोड त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला.

आता गोष्ट. प्रोफेसर आणि एमी मिळून मनाची अदलाबदल करणारं मशीन बनवतात. म्हाताऱ्याला परत तरुण व्हायचंय, एमीला वजनाची काळजी न करता पोटभर खायचंय, म्हणून दोघं अदलाबदल करतात, आणि हौस फिटल्यावर कळतं की एकदा ज्या दोन शरीरांची अदलाबदल झाली त्याच दोघांची पुन्हा होऊच शकत नाही. बस्स, एवढाच नियम. मग तिसऱ्यामार्फत परत यायचं म्हणून, शिवाय ज्याच्या त्याच्या स्वार्थापायी, एकेक जण त्या मशीनवर बसत जातो. बेंडरला रोबो-हंगेरीच्या बादशहाचा मुकुट चोरायचाय म्हणून तो एमीच्या शरीरात जातो, प्रोफेसर बेंडरच्या शरीरात जाऊन सर्कशीत भरती होतो, लीला म्हाताऱ्याच्या शरीरात, फ्राय झॉयडबर्गच्या शरीरात, आणि झाडलोट करणारी रोबो बादलीसुद्धा सुटत नाही. शेवटी नऊ शरीरं आणि सात अदलाबदली, आणि कुणीच आपल्या घरी नाही.

आता "कळत नाही" ही तक्रार. ती मी शंभर वेळा ऐकलीय, माझ्या स्वतःच्या नाटकांबद्दल पण. तर बघा, या एपिसोडमध्ये आवाज मनाबरोबर जातो. म्हणजे शरीर एमीचं असलं तरी आत बेंडर असेल तर तोंडातून बेंडरचा घोगरा आवाज येतो, खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून लीलाचा आवाज येतो. चित्र एक सांगतं, आवाज दुसरं सांगतो, आणि विनोद त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे. ज्यांनी हे एसटीत बसून मोबाईलवर आवाज बारीक करून खालच्या पट्ट्या वाचत बघितलं, त्यांना कोण कोण आहे ते कळणारच कसं? सबटायटलला काय आवाज असतो का! आणि आपल्याकडे इंग्रजी सिरीज बहुतेक जण अशीच बघतात, उच्चार डोक्यावरून जातात म्हणून डोळे खालच्या ओळीला चिकटलेले, वर चित्रात काय चाललंय तेही निसटतं. तुमच्या मंडळींमध्ये खूश झालेले निम्मे कोण होते ते एकदा विचारून बघा, मी पैज लावतो बहुतेक जणांनी आधीचे दहा-वीस एपिसोड बघितलेले असणार, म्हणजे आवाज ओळखीचे. पहिल्यांदाच बघणाऱ्याला हा एपिसोड देणं म्हणजे लग्नात नवरदेवाकडच्या सगळ्या मामा-मावश्यांची ओळख पाच मिनिटांत करून देणं, त्यात त्यांनी एकमेकांचे कपडे घातलेले.

स्टेजवर हाच प्रकार करायचा तर उलटी पंचाईत. नटाचा आवाज त्याच्या गळ्यातच राहतो, मग मन बदललं हे दाखवायला लकब लागते. आम्ही एका एकांकिकेत सासरा आणि जावई बदलले होते, तेव्हा सासऱ्याला दर दोन वाक्यांनी मिशीवरून बोट फिरवायची सवय आधीच्या सीनमध्येच लावून ठेवली, आणि अदलाबदल झाल्यावर बिनमिशीच्या जावयाने नुसतं ओठावरून बोट फिरवलं की मागच्या रांगेतून हशा यायचा. त्या पहिल्या हशापर्यंत मी विंगेत श्वास धरून उभा असतो, कारण प्रेक्षकाला "आता हा तो आहे" हे पक्कं कळल्याशिवाय पुढचा एकही जोक चालत नाही. ॲनिमेशनवाल्यांना आवाज मिळाला म्हणून ते नऊ जण फिरवू शकले, रंगमंचावर मी चारच्या पुढे जायची हिंमत करणार नाही.

आता मुख्य भांडण, गणित. लिहिणारा माणूस केन कीलर, हार्वर्डचा अप्लाइड मॅथ्समधला पीएचडी, नंतर टीव्हीसाठी कॉमेडी लिहायला लागलेला. त्याच्यापुढे अडचण अगदी लेखकाची होती, गुंता तर मस्त झाला पण सोडवायचा कसा, कारण नियम असा की आल्या वाटेने परत जाता येत नाही. आता सोपी पळवाट होतीच, कुणीतरी एक बटण शोधून काढायचं, मशीन उलटं फिरवायचं, सगळे जागेवर, टायटल्स. सायन्स फिक्शन कॉमेडीत हे रोज चालतं आणि त्यामुळेच ती फुसकी होते, कारण नियम मोडता येतो हे प्रेक्षकाला एकदा कळलं की पात्राच्या अडचणीत त्याला मजा येत नाही. कीलरने नियम मोडला नाही, तर त्या नियमातच राहून सुटका होते हे सिद्ध केलं. कितीही जण असोत, कितीही गुंता असो, ज्यांनी अजून मशीनला हात लावलेला नाही असे दोन माणसं बाहेरून आणली की सगळे जागेवर येतात, ते दोघेही. खास या एपिसोडसाठी हे प्रमेय मांडलं गेलं, लोक त्याला कीलरचं प्रमेय म्हणतात, आणि पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, या एपिसोडला रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिकाचं ॲनिमेशनचं अवॉर्ड मिळालं, म्हणजे लेखकांनी लेखकाला दिलेलं. एपिसोडमध्ये हे गणित कोण सोडवतं तर बास्केटबॉल खेळणारे ग्लोबट्रॉटर्स, जे या सिरीजमध्ये जगातले हुशार शास्त्रज्ञ पण आहेत, आणि बाहेरचे दोन माणसं म्हणून तेच उभे राहतात. म्हणून मी म्हणतो गणित घुसडलेलं नाही. गणित काढून टाका, मग नियम काढावा लागतो, नियम काढला की पहिल्या पाच मिनिटांत प्रोफेसर आणि एमी परत जागेवर, गोष्ट संपली.

हे नुसतं सांगून वर्गात कुणाला पटत नाही, म्हणून मी टोप्या घेऊन करतो. चार पोरं उभी करा, राजू, संजू आणि दोन पाहुणे, एक भुसावळचा आणि एक चोपड्याचा. प्रत्येकाच्या टोपीवर त्याचं नाव. पोरगं म्हणजे शरीर, टोपी म्हणजे मन. सुरुवातीला राजू-संजूने टोप्या बदलल्या, आता त्या दोघांनी पुन्हा समोरासमोर यायचं नाही. पहिली चाल, भुसावळवाला आणि राजू टोप्या बदलतात, भुसावळवाल्याकडे संजूची टोपी आली. दुसरी, चोपडावाला आणि संजू, त्यामुळे चोपडावाल्याकडे राजूची टोपी. तिसरी, भुसावळवाला आता संजूकडे जातो, संजूला त्याची स्वतःची टोपी मिळाली. चौथी, चोपडावाला राजूकडे, राजूला त्याची. घरची दोघं सुटली! राहिले पाहुणे, त्यांच्या टोप्या एकमेकांच्या डोक्यावर गेलेल्या दिसतील, पण ते दोघं आपसात अजून एकदाही बदललेले नाहीत, म्हणून पाचवी चाल त्यांची, आणि सगळे आपापल्या टोपीत. एकही जोडी दोनदा आली नाही. इथे हमखास एक पोरगं विचारतं की सर एकाच पाहुण्यात भागणार नाही का, आणि विचारलंच पाहिजे. एकच पाहुणा असेल तर नियमात बसणाऱ्या दोनच चाली उरतात, पाहुणा-राजू आणि पाहुणा-संजू. दोन्ही उलटसुलट क्रमाने करून बघू द्या पोरांना, जमत नाही. ज्यांना सम-विषम शिकवलंय त्यांना कारणही सांगता येतं, एक अदलाबदल उलटवायला विषम संख्येच्या चाली लागतात, इथे विषम म्हणजे फक्त एक, आणि एका चालीत दोघं सुटूच शकत नाहीत.

आता हे समजलं की एपिसोडचा शेवट वेगळाच दिसायला लागतो, आणि मला स्वतःला तिथेच सगळ्यात जास्त मजा येते. नऊ जणांचा गुंता उकलून बघितला तर दोन वेगळी चक्रं निघतात. एक छोटं, फ्राय आणि झॉयडबर्गचं. दुसरं सात जणांचं, प्रोफेसर बेंडरच्या शरीरात, बेंडर बादशहाच्या, बादशहा बादलीत, बादली एमीत, एमी हर्मीसमध्ये, हर्मीस लीलात आणि लीला परत प्रोफेसरमध्ये, गोल पूर्ण. प्रत्येक चक्र सोडवायला त्यात जितकी माणसं त्याहून दोन चाली जास्त लागतात, म्हणजे छोट्याला चार आणि मोठ्याला नऊ, एकूण तेरा. आणि आपल्या राजू-संजूच्या वेळी पाहुण्यांची जी पाचवी चाल लागली ती इथे लागतच नाही, कारण पहिलं चक्र सोडवताना पाहुणे उलटे होतात आणि दुसरं सोडवताना आपोआप सुलटे. एक चक्र जास्त असतं तर लागली असती. स्क्रीनवर त्या तेरा चाली धाडधाड होतात आणि फळ्यावरची सिद्धता काही सेकंद दिसते, पॉज करून वाचा, नीट वाचता येते, टाईमपास चिन्हं नाहीत ती.

इथे खान्देशचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अदलाबदलीचं गणित आपल्याकडे काही अमेरिकेहून आलेलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात उदाहरण असं की महादेवाच्या दहा हातांतली दहा आयुधं एकमेकांत बदलून धरली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील, उत्तर ३६,२८,८००, आणि विष्णूच्या चार हातांचे २४. हात तेच, आयुधं फिरतात, आपल्या टोप्यांचाच खेळ की! आणि आपल्या चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ सुरू केला त्याचा. त्यांच्या जन्मगावावरून भांडणं चालू राहू द्या, पण अंकपाश आठशे वर्षांपूर्वी पाटणला बसून पोरं शिकली असणार हे मला फार भारी वाटतं. सर, अमळनेरहून पाटणादेवीला शाळेची सहल तशीही जातेच, तर एपिसोड सहलीच्या आधी दाखवा.

बाकीच्या मतांचं आता पटापट. शेवट घाईत झाला, बरोबर आहे. बावीसेक मिनिटांचा एपिसोड, त्यात चार-पाच उपकथानकं, आणि इतकी मेहनतीची सुटका एका दमात उरकलीय. ज्याला प्रमेय माहीत आहे तो टाळ्या वाजवतो, ज्याला माहीत नाही त्याला नुसतीच पळापळ दिसते. मी दिग्दर्शक असतो तर बादशहाचं कथानक छाटलं असतं आणि ती दोन मिनिटं शेवटाला दिली असती. बादशहा होऊन ऐश करायला गेलेल्या बेंडरला कळतं की बादशहाच्या जवळचेच त्याच्या जिवावर उठलेत, कल्पना ठीक आहे, तोतया राजाची जुनी गोष्ट, पण तिथे शरीरबदलाची गरजच नाही, नुसता वेश बदलूनही तेच घडलं असतं. तो भाग लांबलेला वाटला असं कुणी म्हणालं असेल तर त्याचं कारण हेच.

जेवणाचा सीन. लीलाला वाटतं फ्रायचं प्रेम तिच्या रूपावरच आहे, म्हणून ती म्हाताऱ्याच्या शरीरात, मग तो पण हट्टाने झॉयडबर्गच्या, आणि दोघं हॉटेलात बसून एकमेकांना जास्तीत जास्त किळस आणायची शर्यत लावतात, आधी कोण माघार घेतं ते बघायला. हो, किळसवाणा आहेच, उगाच कौतुक कशाला. पण कथेच्या दृष्टीने सगळ्या एपिसोडमध्ये मशीन तिथेच खऱ्या कामाला लागतं, कारण त्या दोघांमधलं भांडणच शरीरावरून आहे, मशीनशिवाय ते भांडण असं खेळता आलंच नसतं. माझ्या मते लिखाण म्हणून तो सीन बादशहापेक्षा वरचा, फक्त तो जेवताना बघू नये. आणि एक छोटा तुकडा कुणी बोलतच नाही, एमीच्या शरीरात गेलेली बादली सफाईवाल्या स्क्रफीला आपलं प्रेम सांगते तो. नुसती बादली! तरी घसा दाटतो, कारण हे शरीर आपलं नाही, परत द्यावं लागणार हे तिलाही माहीत आहे आणि त्यालाही.

सायन्स क्लबचं म्हणाल तर सर, सातवी-आठवीला अख्खा एपिसोड लावू नका. फ्राय-लीलाचं प्रकरण शेवटी जिथे जातं ते मोठ्यांसाठीच आहे, पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतील, शिवाय इतरही चावट जोक पेरलेले आहेत. अकरावी-बारावीची पोरं असतील तर आधी तुम्ही एकट्याने बघून ठरवा. लहानांना दोनच तुकडे दाखवा, सुरुवातीचा मशीनचा आणि नियम कळतो तिथपर्यंतचा, मग थांबवून टोप्या काढा, पोरांना तासभर झगडू द्या, दोन पाहुणे लागतात हे तुम्ही सांगू नका, कुणीतरी वैतागून "सर अजून एक जण घेऊ का?" म्हणेपर्यंत गप्प बसा. त्यानंतरच फळ्याचा तुकडा लावा. स्पीकर मोठा न्या, लॅपटॉपचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, आणि टोप्या कागदाच्या केल्यात तर नाव पुढे आणि मागे दोन्हीकडे लिहा, नाहीतर मागे बसलेली पोरं पुन्हा तेच म्हणणार, कोन कोना आंगमा शे.